हनोईची वाट शिंग्रोबाच्या घाटातून

१५ ऑक्टोबर १९२३ रोजी मुंबईच्या एका वेटलिफ्टिंग क्लबातले सहा पारशी तरुण सायकलींवर टांग टाकून जगाच्या सफरीला निघाले. अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा हे तिघेच पूर्ण फेरी करून १८ मार्च १९२८ रोजी मुंबईत परतले. बाकीच्यांपैकी एक जण तेहरानहूनच घरी आला, एक अमेरिकेत राहिला. इराण, इराकचं वाळवंट, आल्प्स, अमेरिका, जपान, चीन असं करत त्यांनी सुमारे ७१ हजार किलोमीटर अंतर कापलं. पुढे त्यांनी लिहिलेल्या पुस्तकाला पंडित नेहरूंची प्रस्तावना आहे.

मी एकदा हौसेनं भागाकार करून पाहिला. प्रवासाचे दिवस १,६१६. म्हणजे रोजचे सरासरी ४४ किलोमीटर. वाशीहून खोपोली गाठायलासुद्धा थोडे कमीच! उलट पुण्याच्या वेदांगी कुलकर्णीनं २०१८ मध्ये, विशीच्या उंबरठ्यावर, १४ देशांतून २९ हजार किलोमीटर १५९ दिवसांत केले. तिची सरासरी १८० च्या पुढे जाते. आणि नाशिकचे डॉक्टर बंधू हितेंद्र आणि महेंद्र महाजन यांनी २०१५ मध्ये ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत दोघांच्या संघात नऊ दिवसांच्या आत पूर्ण केली. तीनही गोष्टी सायकलीच्याच, पण तीन वेगळ्या जातींच्या. म्हणून परदेशात सायकलीनं जायचं म्हणणाऱ्याला पहिला प्रश्न ‘कुठे’ हा विचारू नये. रोज किती, हा विचारावा. बाकीचं सगळं त्या एका आकड्यातून निघतं.

हे मला माझ्या भाचीनं शिकवलं. ती महाप्याच्या एका कंपनीत नोकरी करते आणि तिला व्हिएतनाम उभा पार करायचा आहे, हनोई ते सायगाव, एकटीनं. माझी बहीण पनवेलला असते. तिनं परवानगी दिली ती अटीवर. ‘भाई, सगळं कागदावर दाखव म्हणावं. माझ्या एकाही प्रश्नाला ती अडखळली तर तिकीट रद्द.’ आता कवीला अशा कामात का ओढावं हे मला कळलेलं नाही. पण गेले तीन महिने मी त्या कागदाचा साक्षीदार आहे.

तर तो कागद. कंपनीची रजा आणि सुट्ट्या मिळून ३२ दिवस. जाण्यायेण्याचे दोन, सायकल जोडण्याचा एक आणि पुन्हा खोक्यात भरण्याचा एक, हे चार वजा. उरले २८. रोज सायकल मारणाऱ्याचे पाय पाचव्या-सहाव्या दिवशी तक्रार करतात, म्हणून चार दिवस विश्रांतीचे. राहिले २४. दिवसाला ८० किलोमीटर धरले तर १,९२०. हनोई ते सायगाव सरळ रस्त्यानं साधारण १,७०० आहे. म्हणजे वाट वाकडी करायला, रस्ता चुकायला किंवा एखाद्या गावात मन रमलं तर थांबायला फक्त दोनशे-सव्वादोनशे किलोमीटरची चैन. व्हिसाची अडचण नाही. ऑगस्ट २०२३ पासून व्हिएतनाम ९० दिवसांचा ई-व्हिसा देतं. मात्र देशात कुठून शिरणार आणि कुठून बाहेर पडणार हे अर्जातच लिहावं लागतं, म्हणून मार्ग आधी ठरवावा, अर्ज नंतर भरावा.

खरी गंमत महिना ठरवताना झाली. व्हिएतनामच्या मधल्या किनाऱ्याला, म्हणजे हुए आणि दा नांगच्या बाजूला, पाऊस आपल्यासारखा जूनमध्ये येत नाही. तो सप्टेंबर ते डिसेंबरमध्ये कोसळतो, वादळं आणि पूर घेऊन. ते महिने बाद. नोव्हेंबर ते मार्च तिथे ईशान्येचे वारे वाहतात. उत्तरेकडून दक्षिणेला जाणाऱ्याच्या ते पाठीशी असतात, समोरून येणाऱ्याच्या तोंडावर. म्हणून हनोईहून सायगावला जायचं, उलट नाही. वारा पाठीशी असणं म्हणजे काय हे पाम बीच रोडवर पहाटे सायकल चालवणाऱ्याला वेगळं सांगायला नको.

मग फेब्रुवारी चांगला. पण त्यात तेत येतो, त्यांचा नववर्षाचा सण. त्या आठवड्यात सगळा देश गावाकडे निघतो, गाड्या भरतात, खाणावळी आणि दुकानं बंद होतात. आपल्याकडे गणपतीत कोकणच्या रस्त्याला सायकल घालून पाहा, म्हणजे कळेल. २०२७ मध्ये तेत ६ फेब्रुवारीला आहे आणि त्याच आठवड्यात रमजानही लागतो. त्यांचं पंचांग आपल्या हिंदू पंचांगासारखं, अधिक महिना घालून ऋतूंशी जुळवून घेणारं. त्यामुळे तेत जानेवारीअखेर ते फेब्रुवारी यातच फिरतो. आमच्या हिजरी वर्षाला अधिक महिना नाही. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो आणि तेहतीसेक वर्षांत सगळे ऋतू हिंडून येतो. दोन चंद्र एकाच आठवड्यात भाचीच्या रस्त्यात उभे राहिले. मुसाफिराला रोजे पुढे ढकलायची सवलत आहे, हे तिनंच आईला सांगितलं. पण ईद घराबाहेर नको, यावर दोघींचं एकमत झालं. आता ईदनंतर मार्चच्या मध्यावर निघायचं ठरलं आहे. पाठीचा वारा थोडा ओसरलेला असेल आणि दक्षिणेला पोचेपर्यंत एप्रिलचं ऊन चांगलंच तापलेलं असेल. त्यामुळे पहाटे पाचला सुरुवात आणि अकराच्या आत ८० पैकी निदान ६० किलोमीटर.

सामानाबद्दल फार बोलत नाही. एवढंच सांगतो की ते कमी करण्याची युक्ती वजनकाट्यावर नाही, रस्त्याच्या माहितीत आहे. व्हिएतनाममध्ये हमरस्त्यालगत लहानमोठ्या गावांतून साधी विश्रांतिगृहं असतात. तिथे परदेशी पाहुण्याचा पासपोर्ट पाहून नोंद करतात. म्हणून तंबू गळला. खाणं जागोजागी मिळतं, म्हणून स्टोव्ह गळला. पण त्या सायकलीचाच गिअर-हँगर, म्हणजे मागचा गिअर ज्या छोट्या पट्टीवर टांगतो ती, सोबत हवीच. प्रत्येक बनावटीची वेगळी असते आणि ती वाकली तर गावच्या दुकानात मिळत नाही. विमानासाठी खोकं सायकलीच्या दुकानदाराकडे मागावं, तो आनंदानं देतो. पेडल काढताना लक्षात ठेवा, डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. पॉवर बँक खोक्यात नाही, हातातल्या पिशवीत. आणि तिथे वाहनं उजवीकडून चालतात, म्हणून आरसा हँडलच्या डाव्या बाजूला.

खाण्याचा प्रश्न बहिणीचा. हलाल कुठे शोधणार? उत्तर मजेदार निघालं. व्हिएतनामी भाषेत बौद्धांच्या शाकाहारी जेवणाला जो शब्द आहे त्याचा उच्चार जवळजवळ ‘चाय’ असा होतो. पाटीवर तो शब्द दिसला की निर्धास्त बसावं. सायगावात १९३५ साली दक्षिण भारतातल्या मुसलमानांनी बांधलेली मशीद आहे, तिथे पोचून आईला फोन करायचा असंही कागदावर लिहिलेलं आहे.

सरावासाठी आपला परिसर वाईट नाही. सपाटीला पाम बीच, चढाला खारघरची टेकडी. पण भाचीची शाळा म्हणजे शिंग्रोबाचा घाट. एक्स्प्रेस-वेवर सायकलीला बंदी, म्हणून सायकलवाले खोपोलीहून या जुन्या रस्त्यानं खंडाळ्याला चढतात. इंग्रजांना वाट दाखवणाऱ्या त्या धनगराच्या देवळाशी ती पाणी पिते. व्हिएतनाममधला हाय व्हान घाट ४९६ मीटर उंचीचा आहे. २००५ मध्ये त्याच्या पोटातून सहा किलोमीटरचा बोगदा निघाला आणि ट्रक आत गेले. बोगद्यात सायकलीला मज्जाव, म्हणून जुना घाटरस्ता सायकलींच्या वाट्याला आला. आपल्याकडची तीच कथा, समुद्राच्या काठी! भरलेल्या पिशव्यांसकट जो शिंग्रोबा चढतो, त्याला हाय व्हानची भीती नाही.

बहिणीचा शेवटचा प्रश्न अवघड होता. वेदांगीला स्पेनमध्ये चाकू दाखवून लुटलं होतं, हे तिनं वाचलेलं आहे. ती पुन्हा सायकलीवर बसली आणि फेरी पूर्ण केली, हेही तिला ठाऊक आहे. पण आई पहिलं वाक्य लक्षात ठेवते. यावर भाचीनं धीर धरण्याचं भाषण केलं नाही. तिनं नकाशावर रेल्वेची रेघ ओढली. हनोई-सायगाव लोहमार्ग १,७२६ किलोमीटरचा आहे आणि बराचसा हमरस्त्याला समांतर जातो. सायकल सामान म्हणून पाठवता येते. प्रत्येक मुक्कामापुढे तिनं जवळच्या स्टेशनाचं नाव लिहिलं आहे. पाय दुखला, ताप आला, मन उडालं, तर गाडीत बसायचं. आजारपणात घरी आणण्याचा खर्च देणारा आणि सायकलस्वारी स्पष्ट शब्दांत मान्य करणारा विमा तिनं त्याच रकान्यात टाकला आहे. बहीण बराच वेळ ती स्टेशनं वाचत बसली होती. माझ्या मते परवानगी त्या क्षणी मिळाली. तोंडानं ती अजून दिलेली नाही.

अडलं आहे ते फक्त दोन दिवसांवर. फोंग न्याहून खे सानकडे हो चि मिन्ह मार्गाची जी पश्चिमेची शाखा जाते, ती दोनशेहून अधिक किलोमीटर जंगलातून जाते. वस्ती विरळ, मुक्कामाची सोय क्वचित आणि रेल्वे डोंगरापलीकडे. सगळ्या देशातला सुंदर रस्ता तोच म्हणतात. भाचीला तो हवा आहे, बहिणीला त्या रकान्यात स्टेशनाचं नाव हवं आहे. मी किनाऱ्याच्या बाजूचा आहे, कारण सलग दोन दिवस ८० ऐवजी १०० च्या पुढे जायचं आणि तेही चढावर, हे तिच्या स्वतःच्याच हिशेबात बसत नाही. त्यावर ती म्हणते, ‘मामू, जानेवारीत दोन दिवस लागोपाठ करून दाखवते. पहिल्या दिवशी पनवेल ते महाबळेश्वर, पोलादपूरच्या घाटानं. दुसऱ्या दिवशी परत.’

बहिणीनं तारीख विचारली आहे.