बिनदप्तराची संस्था

बारामती आणि इंदापूर या पुणे जिल्ह्याच्या आग्नेयेकडील दोन तालुक्यांत संस्थांना तोटा नाही. सहकारी साखर कारखाने, दूधसंघ, विविध कार्यकारी सोसायट्या, पतसंस्था, खरेदी-विक्री संघ आणि शिक्षणमंडळे यांचे जाळे येथे नीरा डाव्या कालव्याच्या पोटचाऱ्यांइतके दाट पसरलेले असून, यांतील बहुतेक संस्थांस सभासदांचे रजिस्टर, भागभांडवल, पोटनियम, वार्षिक सर्वसाधारण सभा आणि त्या सभेतील गदारोळ ही पाच अंगे जन्मजात लाभलेली असतात. अशा मुलखात जिला सभासदांची यादी नाही, प्रवेशफी नाही, अध्यक्ष नाही आणि म्हणून निवडणूकही नाही, जी बाहेरच्याने देऊ केलेली देणगी नाकारते आणि जिच्यात शिरणाऱ्याचे आडनावही कोणी विचारीत नाही, अशी संस्था चालू शकते असे सांगितले, तर ऐकणारा प्रथम हसेल आणि मग तिच्यामागे कोणता पुढारी आहे, याची चौकशी करील. व्यसनातून सुटू पाहणाऱ्यांचे, व्यसनातून सुटलेल्यांनीच चालविलेले स्वमदत गट, हीच ती संस्था. तिच्यात येते कोण, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

मादक पदार्थ या मुलखास परके नाहीत. कालव्याने पाणी आणले, पाण्याने ऊस आणला, उसामागून कारखाने आले. वालचंद हिराचंद यांनी विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात इंदापूर तालुक्यात वालचंदनगर वसविले आणि पुढे सहकाराच्या पर्वात माळेगाव, सोमेश्वरनगर, भवानीनगर येथे धुराडी उभी राहिली. साखर काढून घेतल्यावर मागे राहणारी मळी आसवनीत गेली म्हणजे तिचा मद्यार्क होतो, आणि आसवनीस न विचारता गुळापासून हातभट्टी लावणारेही गावोगाव पूर्वापार आहेतच. अलीकडे मालाचे प्रकार वाढले. 2023 साली इंदापूर तालुक्यात पळसदेवच्या बाजूस शेतात अफू लावल्याचे पोलिसांनी उघडकीस आणले. पुढच्याच वर्षी फेब्रुवारीत शेजारच्या दौंड तालुक्यातील कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीत पुणे पोलिसांनी घातलेल्या छाप्यात शेकडो किलो मेफेड्रोन सापडले. तरुण मुले त्यालाच 'एमडी' म्हणतात आणि त्याचा भाव ग्रॅमवर करतात.

सरकारने आपल्या परीने उपाय केले नाहीत असे नाही. मुंबई इलाख्याचा दारूबंदीचा अधिनियम 1949 सालचा; तो आजही अंमलात असून, महाराष्ट्रात मद्य पिण्यास कायद्याने परवाना लागतो, ही गोष्ट पिणाऱ्यांपैकी फार थोड्यांस ठाऊक असेल. गावातील निम्म्याहून अधिक महिला मतदारांनी कौल दिला तर दुकान बंद करता येते, आणि 'आडवी बाटली' या निशाणीने लढलेल्या त्या निवडणुका हा आपल्या लोकशाहीतील एक गंभीर आणि काहीसा विनोदी अध्याय आहे. परंतु दुकानास कुलूप लागले तरी पिणाऱ्याची तहान शाबूत राहते. 2019 साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीत, दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने असे नमूद केले की, दारूच्या आहारी पूर्णपणे गेलेल्या 38 जणांपैकी जेमतेम एकास कसला तरी उपचार मिळतो. उरलेल्या 37 जणांसाठी इस्पितळे पुरणार नाहीत हे उघड आहे. आणि बिनखर्चाच्या, बिनदप्तराच्या या गटांचे महत्त्व तेथेच सुरू होते.

मूळ कथा परदेशची असली तरी ती सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. न्यूयॉर्कचा शेअरदलाल बिल विल्सन हा 1935 च्या मे महिन्यात धंद्याच्या कामासाठी ओहायो राज्यातील अॅक्रन या गावी गेला असता ते काम फसले, खिसा रिकामा झाला, आणि पाच महिने दारूस न शिवलेला हा गृहस्थ हॉटेलच्या दिवाणखान्यात उभा राहून एकीकडे दारूचा गुत्ता आणि दुसरीकडे टेलिफोन यांच्याकडे पाहत राहिला. त्याने टेलिफोन उचलला आणि गावातील चर्चना विचारणा सुरू केली. ती डॉक्टरची नव्हती, धर्मोपदेशकाचीही नव्हती, तर एखाद्या दारुड्याची होती, कारण दुसऱ्या दारुड्याशी बोलण्यात आपण गुंतलो म्हणजे तेवढा वेळ आपण पीत नाही, हे त्याच्या ध्यानी आले होते. असा दारुडा मिळाला तो बॉब स्मिथ नावाचा शल्यविशारद. 10 जून 1935 रोजी त्या डॉक्टरने अखेरचा पेला घेतला आणि तोच 'अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस'चा स्थापनादिन ठरला. या कथेचे मर्म असे की, मदत मागावयास निघालेला माणूस मदत देणाऱ्याच्या भूमिकेत होता. उपकार कोणी कोणावर केला याचा हिशेब तेव्हाच लागेना, तो अजून लागलेला नाही. पुढे 1953 साली कॅलिफोर्नियात 'नार्कोटिक्स अॅनॉनिमस' निघाले, आणि त्यांनी कोणत्याही एका पदार्थाचे नाव न घेता व्यसन हाच रोग मानला.

महाराष्ट्रापुरते पाहिले तर फादर जो परेरा यांनी 1981 साली मुंबईत वांद्र्यास कृपा फाउंडेशन सुरू केले, आणि पुण्यात 29 ऑगस्ट 1986 रोजी मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र उभे राहिले. अनिल अवचट यांनी गर्दच्या, म्हणजे ब्राऊन शुगरच्या, आहारी गेलेल्या मुलांवर लिहिलेले लेख वाचून पु. ल. देशपांडे व सुनीताबाई अस्वस्थ झाले, त्यांनी एक लाख रुपये पुढे केले, आणि येरवड्याच्या मनोरुग्णालयात डॉक्टर असलेल्या अनिता अवचट यांनी त्याच आवारात काम आरंभिले. मुक्तांगण ही अर्थातच दप्तर, हिशेब आणि पगारपत्रक असलेली रीतसर संस्था आहे. परंतु तेथे 35 दिवस राहून बरा झालेला माणूस समुपदेशक म्हणून नव्या रुग्णाच्या खाटेशेजारी बसतो, ही तिची रीत अॅक्रनच्या त्या टेलिफोनाशीच नाते सांगते. इंदापूरचा किंवा बारामतीचा माणूस उपचाराला म्हणून जातो तो बहुधा पुण्यासच. खरा प्रश्न छत्तिसाव्या दिवशी उभा राहतो, जेव्हा तो आपल्या गावच्या फाट्यावर एस. टी.तून उतरतो आणि समोर तेच दुकान, तेच मित्र आणि तीच चिंचेखालची बैठक असते.

आता येणाऱ्यांकडे वळू. गटात येणारे लोक निश्चयाचे पक्के असतात, असा जो सार्वत्रिक समज आहे तो साफ चुकीचा आहे. प्रथम येणारा बहुधा आणलेला असतो. बायकोने माहेरी जाण्याची अखेरची ताकीद दिलेली असते, किंवा मेहुण्याने मोटारसायकलवर पाठीमागे बसवून त्यास आणलेले असते, किंवा औद्योगिक वसाहतीतील कारखान्याने 'पुढच्या वेळी घरी' असे लेखी बजावलेले असते, किंवा कावीळ होऊन डॉक्टरने यकृताची गोष्ट सांगितलेली असते. त्याआधीचे उपाय करून संपलेले असतात: अंगारा, गंडा, गुरुवारी दारू सोडविणारे महाराज, एस. टी. स्थानकाच्या भिंतीवर जाहिरात असलेली आणि बायकोने आमटीत गुपचूप कालवून घातलेली पूड, मुलाच्या डोक्यावर हात ठेवून घेतलेल्या शपथा. सातबाऱ्यावरील जमिनीचा एखादा तुकडा फेरफार होऊन दुसऱ्याच्या नावे चढलेला असतो. असा माणूस दाराजवळच्या बाकावर, चपला हाताशी राहतील अशा बेताने बसतो आणि विचारले तर 'मी ह्यांना सोडायला आलोय' असे सांगतो. त्याला कोणी खोटे पाडीत नाही, कारण समोर बसलेल्यांपैकी अनेकांनी पहिल्या दिवशी तेच सांगितलेले असते.

गटाची प्रवेशाची एकच अट आहे, पिणे थांबविण्याची इच्छा. ती इच्छा खरी की खोटी, हे तपासणारा अधिकारी मात्र नेमलेला नाही, आणि मला यातच या घटनेच्या कर्त्यांचे शहाणपण दिसते. कारण पुष्कळांची इच्छा आत आल्यानंतर तयार होते. सभा म्हणावी तर ती तास-दीड तासाची. एकजण उठतो, केवळ नाव सांगून 'मी मद्यपाशी' असे म्हणतो, सर्व खोली त्याला नावाने नमस्कार करते, आणि मग तो आपले सांगतो. मध्ये कोणी बोलत नाही, सल्ला देत नाही, सांगून झाल्यावर टीका करीत नाही. ग्रामसभेत वाढलेल्या माणसास ही शिस्त प्रथम अमानुष वाटते. अखेरीस एक पिशवी फिरते, तीत ज्याने त्याने जमेल ते टाकावे. तेवढ्यावर चहा आणि जागेचे भाडे भागते.

निनावीपणाचा प्रश्न मात्र तालुक्याच्या ठिकाणी बिकट होतो. मुंबईत नाव झाकले की माणूस झाकला जातो. निमगाव केतकीत किंवा बावड्यात चालण्यावरून माणसाचे घराणे ओळखतात. तरीही निनावीपणा येथे निरुपयोगी आहे असे नाही. गावास त्याचे पिणे ठाऊकच असते, त्यात लपविण्यासारखे काही उरलेले नसते. त्याला लपवायचे असते ते थांबणे. कारण थांबल्याचे जाहीर करून महिनाभराने पुन्हा प्यालेला माणूस हा पारावर सहा महिने पुरणारा विषय होतो, आणि त्या हसण्याच्या धास्तीने कित्येकजण थांबण्याचा प्रयत्नही करीत नाहीत. म्हणून एका गावचा माणूस सभेस दुसऱ्या गावी जाणे पत्करतो.

व्यसन सोडण्यासाठी समुदायाचा आधार घ्यावा, ही कल्पना मात्र येथे अमेरिकेहून यावी लागली नाही. आषाढात तुकोबांची पालखी उंडवडीवरून बारामतीस, तेथून सणसर, बेलवाडीचे रिंगण, निमगाव केतकी आणि इंदापूर अशी जाते, आणि त्या वाटेवरील गावांत 'अमक्याने माळ घातली' याचा अर्थ त्याने दारू व मांस सोडले असा शेंबड्या पोरासही कळतो. दिंडीत त्याच्यासारखेच सोडलेले असतात, रोज भजन असते, एकादशी असते, चुकण्यास फुरसत नसते. या मार्गाने बरी झालेली माणसे थोडी नाहीत, आणि त्यांची मोजदाद कोणत्याही वैद्यकीय अहवालात नाही. परंतु माळेचा एक कडक कायदा आहे. माळ घालून प्यालेला माणूस पापी ठरतो, तो माळ खुंटीस लावतो आणि शरमेने दिंडीकडे फिरकत नाही. म्हणजे ज्या घडीस त्यास सोबतीची सर्वाधिक निकड असते त्याच घडीस तो एकटा पडतो. गटात याच्या उलट होते. पुन्हा प्यालेल्यास तेथे 'स्लिप झाली' म्हणतात, आणि स्लिप होऊन परतलेल्याचे बोलणे सर्वांत लक्षपूर्वक ऐकले जाते, कारण पाच वर्षे कोरड्या राहिलेल्या माणसास जे ऐकण्याची गरज असते ते हाच सांगू शकतो. त्याचे दिवस पुन्हा एकपासून मोजले जातात, इतकीच शिक्षा.

पाच, दहा, पंधरा वर्षे न प्यालेला माणूस अजून का येतो, असे त्याचे घरचेच विचारतात. तो येतो ते दाराजवळच्या बाकावरील नवख्यासाठी, असे तो सांगतो, आणि ते निम्मेच खरे असते. नवख्याचे थरथरणारे हात पाहिल्यावाचून त्यास स्वतःचे हात आठवत नाहीत. बिल विल्सनच्या टेलिफोनाचे कारण हेच होते.

तरुण मुले येतात, पण कष्टाने येतात. व्यसनी लोकांतही जातिभेद आहे, ही गोष्ट बाहेरच्यास ठाऊक नसते: दारू पिणारा गर्दुल्ल्यास हीन लेखतो, गांजावाला आपला माल वनस्पती आहे म्हणून स्वतःस सात्त्विक समजतो, आणि एमडीवाल्या पोरास मद्यपाश्यांच्या सभेत आपण काकांच्या पंगतीत चुकून बसलो असे वाटते. नार्कोटिक्स अॅनॉनिमसने पदार्थाचे नाव टाळले ते याचसाठी उपयोगी पडते.

स्त्रिया फार थोड्या येतात. अमेरिका व कॅनडातील मद्यपाश्यांच्या गटांनी 2014 साली केलेल्या स्वतःच्या पाहणीत स्त्रियांचे प्रमाण 38 टक्के होते; आपल्याकडे त्याच्या जवळपासही आकडा जाणार नाही, कारण 2019 च्या पाहणीप्रमाणे मद्य घेणारे पुरुष 27.3 टक्के तर स्त्रिया 1.6 टक्के, आणि त्या 1.6 मधली जी अडचणीत आहे तिला घराचा उंबरा ओलांडून 'मी मद्यपाशी' असे म्हणणे जवळजवळ अशक्य. मुक्तांगणाने स्त्रियांसाठी 'निशिगंध' हा वेगळा विभाग काढला, तो या जाणिवेतून. स्त्रिया येतात त्या पत्नी म्हणून, आई म्हणून. मुक्तांगणाचा 'सहचरी' गट आणि मद्यपाश्यांच्या कुटुंबीयांचे अल-अनॉन यांचा जन्म त्यातून झाला. नवऱ्याच्या बाटल्या मोजणे, त्याच्या गैरहजेरीबद्दल साहेबाकडे खोटे बोलणे, दुकानदाराची उधारी गुपचूप फेडणे, ही कामे करता करता आपणही आजारी झालो, हे तेथे कळते. नवरा येवो न येवो, त्या येत राहतात.

या गटांचा उपयोग होतो काय, अशी शंका डॉक्टरांस पुष्कळ वर्षे होती. 2020 साली कॉक्रेन या संस्थेने 27 अभ्यास आणि साडेदहा हजारांवर रुग्ण यांचे परीक्षण करून असा निष्कर्ष काढला की, अखंड मद्यमुक्ती टिकविण्याच्या बाबतीत ही पद्धत इतर मान्य मानसोपचारांहून सरस, बाकीच्या बाबतीत त्यांच्या तोडीची आहे. मात्र हा निष्कर्ष जे येऊ शकतात त्यांचा.

येऊ न शकणाऱ्यांत सर्वांत मोठा वर्ग याच तालुक्यांत दरसाल दिवाळीच्या सुमारास येतो. बीड आणि अहिल्यानगरकडचे ऊसतोड मजूर मुकादमाची उचल घेऊन कारखान्यांच्या हद्दीत कोप्या घालतात, पहाटे थंडीत फडात उतरतात आणि रात्री-बेरात्री गाडी आली की मोळ्या भरतात. त्यांच्या दारूस अंगदुखीचे औषध म्हणण्याची चाल आहे, आणि हंगामात ते पूर्ण खोटेही नसते. संध्याकाळच्या सभेस फडातून कोणी सुटू शकत नाही, हंगाम संपला की टोळी गावी जाते, पुढच्या वर्षी कारखाना निराळा.

येथे या बिनदप्तराच्या संस्थेचा एक नियम कामी येण्यासारखा आहे. तिच्या परंपरेप्रमाणे थांबण्यासाठी दोन-तीन माणसे एकत्र बसली की तो गट झाला. त्यास ना तहसील कचेरीचा दाखला लागतो, ना धर्मादाय आयुक्तांकडील नोंदणी, ना पुण्याची परवानगी. भवानीनगरच्या एखाद्या कोपीबाहेर दोन तोडकऱ्यांनी ठरविले, तर रात्री गाडीची वाट पाहत असताना सभा होऊ शकते. अडचण फक्त पहिल्या माणसाची आहे, आणि तो बहुधा स्वतःहून येणार नाही. त्यास गेल्या हंगामात थांबलेला दुसरा कोणी तोडकरीच शोधून काढील.