घरातल्या गिटारसाठी अ‍ॅम्प्लिफायर निवडताना

२०२५ च्या जानेवारीत नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर कोल्डप्ले या इंग्रज वाद्यवृंदाचे तीन कार्यक्रम झाले. आमचा नातू त्यांपैकी एकास जाऊन आला आणि दहावीची परीक्षा संपताच त्याने इलेक्ट्रिक गिटार मागितली. गिटार घरी आली, तेव्हा मला कळले की हे वाद्य एकटे येत नाही. साध्या गिटारीला पोकळ पेटी असते, तीच आवाज मोठा करते. इलेक्ट्रिक गिटारीचे लाकूड भरीव असते. तारांची कंपने तिच्यातली चुंबके टिपतात आणि तो क्षीण विद्युतसंकेत ऐकू येण्याजोगा करण्यास अ‍ॅम्प्लिफायर लागतो.

बँकेत आयुष्यभर कर्जप्रस्ताव तपासलेल्या माणसाने खरेदी कशी करावी? मी रुपयाला किती वॅट पडतात, याचे कोष्टक मांडले. दहा वॅटच्या नव्या यंत्राच्या किमतीत थोडी भर घातली की पन्नास वॅटचे, बारा इंची स्पीकरचे वापरलेले यंत्र मिळत होते. सौदा फायद्याचा वाटला. ते धूड दोघांनी धरून तिसऱ्या मजल्यावर चढवले.

आवाजाचे बटण एकावर असताना तारा कुजबुजल्यासारख्या निर्जीव वाजत; तिळभर पुढे सरकवले की कपाटातल्या काचा थरथरत. माझ्या वृद्ध आईची सामायिक अठ्ठेचाळीस मिनिटांची. तेवढा वेळ नातू हात आवरून बसे. चौथ्या दिवशी खालच्या मजल्यावरचे स्नेही, एपीएमसी बाजारातील जुने व्यापारी, हसतच वर आले. "साहेब, मुलगा छान वाजवतो. पण त्याच्याबरोबर आमचा पंखाही वाजतो!"

महिन्याभरात गिटार भिंतीवर टांगली गेली. "हौस फिटली याची," असे मी सुनेला ऐकवलेही. एका दुपारी सहज खोलीत डोकावलो, तर मुलगा अ‍ॅम्प्लिफायर न लावता, गिटारीच्या लाकडाला कान टेकवून वाजवत बसला होता. विचारल्यावर म्हणाला, "आजोबा, तुम्ही एवढ्या हौसेने आणलात, म्हणून बोललो नाही." हौस त्याची फिटली नव्हती, चूक माझ्या कोष्टकात होती.

ती चूक अशी. आवाज वॅटच्या प्रमाणात वाढत नाही. शक्ती दुप्पट केली तर आवाज केवळ तीन डेसिबलने वाढतो, आणि कानाला दुप्पट वाटण्यासाठी शक्ती सुमारे दहापट लागते. म्हणजे स्पीकर सारख्याच प्रतीचा असेल तर पन्नास वॅटचे यंत्र पाच वॅटच्या यंत्रापेक्षा फार तर दुपटीने मोठे वाजेल. आणि घरातल्या दिवाणखान्याला पाच वॅटही पुष्कळ होतात. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहापर्यंत ४५ डेसिबलची मर्यादा आहे. मोठ्या यंत्राला घरात जेवढा आवाज करता येतो, तो सगळा त्याच्या बटणाच्या पहिल्या तिळभर फिरकीत संपतो. शिवाय आवाज लहान असला की आपल्या कानाला खर्ज कमी ऐकू येतो, म्हणून तो पोकळ भासतो.

ही मोठी यंत्रे मुळात रंगमंचासाठी घडली. लंडनच्या हॅनवेल भागात जिम मार्शल यांचे ड्रमचे दुकान होते. दुकानात येणाऱ्या गिटारवादकांच्या तक्रारी ऐकून त्यांनी १९६२ च्या सुमारास आपला अ‍ॅम्प्लिफायर बनवला. गिऱ्हाईकाचे म्हणणे कान देऊन ऐकणाऱ्या दुकानदाराचे पुढे काय होते, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. मात्र त्या गिऱ्हाइकांना मोठा आवाज हवा होता. आपली गरज नेमकी उलटी आहे.

तेव्हा दुकानात यंत्र किती मोठे वाजते हे पाहू नये, अगदी लहान आवाजात कसे वाजते ते ऐकावे. 'गेन' आणि 'व्हॉल्यूम' अशी दोन स्वतंत्र बटणे हवीत. पहिले सुराला खरखरीत धार आणते, दुसरे किती आवाज बाहेर सोडायचा ते ठरवते. दोन्ही वेगळी असली की रॉकची ती धार हळू आवाजातही मिळते. हेडफोनची खाच असलीच पाहिजे. हेडफोन वायरचाच घ्यावा, कारण साध्या ब्लूटूथमध्ये तार छेडल्यानंतर सूर किंचित उशिरा पोहोचतो आणि ताल सुटतो. फेंडरचा 'फ्रंटमन १० जी' दहा वॅटचा, सहा इंची स्पीकरचा आहे. बॉसचा 'कटाना मिनी' सात वॅटचा, चार इंची, पेन्सिल सेलवरही चालणारा. जागा अगदीच नसेल तर व्हॉक्सचा 'अ‍ॅम्प्लग' थेट गिटारीतच खोचतात आणि हेडफोनवर ऐकतात. मात्र हेडफोनवर तासन्‌तास मोठ्या आवाजात वाजवणे कानाला घातक. ८० डेसिबलला आठवड्याला चाळीस तास ही जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा ९० डेसिबलला चार तासांवर येते.

परदेशातील नातेवाइकांकडून यंत्र मागवण्याचा मोह अनेकांना होतो. अमेरिकेतील यंत्र १२० व्होल्टचे असते. आपल्या २३० व्होल्टला थेट जोडले तर जळते. मागील पट्टी वाचल्याशिवाय पिन खोचू नये. त्याहून महत्त्वाचे अर्थिंग. गिटारीच्या तारा वायरीमार्गे यंत्राच्या अर्थिंगला जोडलेल्या असतात आणि वाजवणाऱ्याची बोटे सतत त्या तारांवर असतात. जुन्या इमारतीत आधी इलेक्ट्रिशियनकडून तीन पिनांचा पॉइंट तपासून घ्यावा. यंत्र जमिनीवर ठेवू नये, कंपने स्लॅबमधून खाली जातात. स्टुलावर जाड घडीची सतरंजी घालून त्यावर ठेवावे.

आपल्या घरांत विचारला जाणारा एक प्रश्न: यंत्रावरचे ते काळे आवरण चामड्याचे असते का? सहसा नाही, ते व्हिनाइलचे कापड असते. गिटारीच्या पट्ट्याच्या टोकांना मात्र पुष्कळदा चामडे असते, ते पाहून घ्यावे.

जुने यंत्र मी तोट्यात विकले. मग आम्ही दोघे हार्बरच्या गाडीने सीएसएमटीला उतरून धोबी तलावावर गेलो. तिथे वाद्यांची जुनी दुकाने आहेत. फुर्टाडोज तर १८६५ पासूनचे. एका दुकानात नातवाने तीन यंत्रे वाजवून पाहिली. माझी अट एकच: तो वाजवत असताना मला दुकानदाराशी आवाज न चढवता बोलता आले पाहिजे. दहा वॅटच्या यंत्रावर ते जमले, आणि सूरही भरीव राहिला.

आता ते त्याच्या टेबलाशेजारच्या स्टुलावर असते. रात्री दहानंतर हेडफोन लागतो. मी पाणी प्यायला उठलो की त्याच्या खोलीतून तारांची बारीक टिकटिक तेवढी ऐकू येते.