मोराच्या नावावर सातबारा नाही

मंडळी, आता बीडकडे येऊ. जिल्ह्याच्या उत्तरेला गोदावरी, मधून सिंदफणा. वाळू म्हणजे नदीची पाणी धरून ठेवणारी गादी. ती उपसली की काठच्या विहिरी खोल जातात.

मग काठची शेती कायमची राखायची कशी? अमेरिकेत शेतकरी करार करतो: जमीन माझी, कसणार मीच, पण प्लॉट पाडणार नाही. करार दस्तात नोंदतात, पुढचा खरेदीदारही त्याला बांधील. आपला सुविधाधिकार कायदा १८८२ चा. त्यात एका जमिनीवरचा हक्क दुसऱ्या जमिनीच्या सोयीसाठी असतो. वाट, पाट वगैरे. मोराच्या नावावर कुठला सातबारा? म्हणून तो कायदा इथे पुरत नाही.

जवळची वाट वन्यजीव कायद्याच्या २००२ च्या दुरुस्तीत आहे. गाव किंवा शेतकरी स्वतःहून पुढे आला, तर खासगी जमीनसुद्धा ‘समुदाय राखीव क्षेत्र’ होऊ शकते. मग जमिनीचा वापर बदलायला समितीचा ठराव आणि सरकारची मंजुरी लागते.

पाटोद्याकडे नायगाव मयूर अभयारण्य आहे. पण मोराला हद्द कळत नाही; तो दाणे टिपायला शेतात येतोच. नुकसान सोसणाऱ्याच्या पदरात काय पडणार, हे आधी ठरवा. मग त्याच्याकडे सही मागा.