गुडघेदुखी, पाठदुखी आणि आपल्या बोअरचे पाणी



उसाच्या नोंदी घेत शिवारात फिरताना हल्ली उसापेक्षा सांध्यांच्याच तक्रारी जास्त ऐकू येतात. "साहेब, गुडघे लई दुखायलेत, बसलं तर उठता येईना." मी काही डॉक्टर नाही. पण एका वस्तीवर जे पाहिले, ते सांगितल्यावाचून राहवत नाही.

आपले एक जुने सभासद आहेत. वय पन्नाशीचे. बेणे मांडायला वाकता येईना, मान वळेना. चार वर्षे बाम चोळला, गावोगाव फिरणाऱ्याकडून सुया घेतल्या. सुई घेतली की आठ दिवस बरे, पुन्हा तेच. एकदा त्यांच्या ओसरीवर चहा घेताना नात हसली आणि माझे लक्ष तिच्या दातांकडे गेले. दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे होते. मग पाणी तपासले. एका लिटरमध्ये फ्लोराईड चार मिलिग्रॅमच्या जवळपास निघाले. पुढे डॉक्टरांनी एक्स-रे काढून फ्लोरोसिसच असल्याचे सांगितले. अठरा वर्षांपूर्वी ते बोअर घेण्याचा सल्ला मीच दिला होता. उसासाठी घेतलेले पाणी वस्ती प्यायला लागेल, हे तेव्हा माझ्या डोक्यात आले नाही.

आपल्या नांदेड जिल्ह्याच्या पूर्व भागात ग्रॅनाईट जातीचा खडक आहे. अशा खडकातून फ्लोराईड पाण्यात उतरते आणि खोल बोअरला ते जास्त सापडते. पिण्याच्या पाण्यात लिटरला एक मिलिग्रॅमपर्यंत ठीक. दुसरी सोय नसेल तर दीडपर्यंत चालते. त्यापुढचे पाणी वर्षानुवर्षे पोटात गेले की हाडे जाड होतात आणि मान, कंबर, गुडघे आखडतात. आपल्या देशात हा आजार १९३७ साली आंध्रातील नेल्लोरकडे प्रथम ओळखला गेला. शेजारच्या तेलंगणातील नलगोंडा तर यासाठीच माहीत झाले. केंद्र सरकारने २००८-०९ साली फ्लोरोसिस नियंत्रणाचा कार्यक्रम सुरू केला, त्यात पुढे आपला जिल्हाही घेतला गेला.

मात्र प्रत्येक दुखणे पाण्याचेच, असेही समजू नये. इतर कारणे अशी :

१) वयाने व जड कामाने गुडघ्याची झीज होते. चालताना दुखते, विसाव्याने कमी होते.

२) संधिवातात दोन्ही हातांची बोटे, मनगटे सुजतात. सकाळी तासभर मूठ वळत नाही. याला वेळेवर औषध लागते, नाहीतर बोटे वाकडी होतात.

३) पायाचा अंगठा रात्रीतून लाल होऊन ठणकत असेल तर रक्तातील युरिक ॲसिड तपासावे.

४) चिकुनगुन्यात ताप जातो, पण सांधे महिनोन् महिने धरून बसतात. १९७३ साली बार्शीत आणि २००६ साली आपल्या मराठवाड्यात लोकांनी हे भोगले आहे. तो डासांमुळे पसरतो, म्हणून रांजण, हौद आठवड्याला कोरडे करावेत.

५) एकच सांधा सुजून गरम झाला, ताप आला, वजन घटू लागले, तर एक दिवसही न थांबता सरकारी दवाखाना गाठावा.

आता करायचे काय?

पहिले काम पाणी तपासण्याचे. पंप दहा मिनिटे चालवून, प्लॅस्टिकची स्वच्छ बाटली त्याच पाण्याने विसळून लिटरभर नमुना घ्यावा. ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडे किंवा भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या प्रयोगशाळेत तो द्यावा. फ्लोराईडला रंग नाही, वास नाही, चव नाही. तोंडाला गोड लागणारे पाणीही वाईट निघू शकते. उकळून ते जात नाही, उलट पाणी आटल्याने प्रमाण वाढते.

जास्त निघाले तर ते पाणी उसाला ठेवा. पिण्यासाठी व स्वयंपाकासाठी तपासलेल्या आडाचे, नळयोजनेचे किंवा पत्र्यावरून धरलेले पावसाचे पाणी वापरा. आहारात दूध, शेवगा, आवळा, लिंबू असावे. काळे मीठ, सुपारी, तंबाखू आणि दिवसभराचा कोरा चहा कमी करावा.

अनोळखी पुड्या आणि सुया बंद करा. त्यात बहुधा स्टेरॉईड असते. दुखणे झाकले जाते आणि हाडे ठिसूळ होतात. वेदनाशामक गोळ्या रोज खाल्ल्याने किडनी जाते.

आखडलेली हाडे पुन्हा पहिल्यासारखी होत नाहीत, हे कडू असले तरी खरे आहे. आमच्या त्या सभासदांची मान अजूनही वळत नाही. पाणी बदलल्यापासून दुखणे वाढायचे थांबले, इतकेच. पण घरात नंतर जन्मलेल्या नातवाचे दात पांढरे शुभ्र आले आहेत.

लागणीआधी आपण माती तपासायला देतो. यंदा मातीच्या पिशवीबरोबर पाण्याची बाटलीही भरा. नमुना कुठे द्यायचा हे कळले नाही तर गटऑफिसला या, मी स्वतः बरोबर येईन.

आपला,
ऊस विकास अधिकारी