उभे राहून गाण्याची किंमत : पंडवानी गायिका तीजनबाई यांचे घर आणि गाणे

भिलाई (छत्तीसगड) : नागपूरहून हावड्याच्या दिशेने निघालेली गाडी राजनांदगाव आणि दुर्ग मागे टाकते, तेव्हा पोलाद कारखान्याची धुराडी दिसू लागतात. सोव्हिएत सहकार्याने उभ्या राहिलेल्या या कारखान्याची पहिली झोतभट्टी फेब्रुवारी १९५९ मध्ये सुरू झाली आणि भिलाईचे नाव देशाच्या नकाशावर ठळक झाले. या शहराच्या उत्तरेला सुमारे १४ किलोमीटरवर गनियारी हे गाव आहे. पंडवानीचा आवाज जगभर नेणाऱ्या पद्मविभूषण तीजनबाई तेथल्या.

त्यांचा जन्म २४ एप्रिल १९५६ चा. त्या दिवशी दुर्ग जिल्हा ज्या मध्य प्रदेशात होता, त्याची राजधानी नागपूर होती. राज्य पुनर्रचनेनंतर त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये ती भोपाळला गेली आणि २००० मध्ये छत्तीसगड हे स्वतंत्र राज्य झाले. मराठी मुलखाशी या भागाचे नाते असे जुने असूनही पंडवानी म्हणजे नेमके काय, याची कल्पना आपल्याकडे फारशी नसते. ती असल्याशिवाय तीजनबाईंना घर का सोडावे लागले, हे मात्र उमगत नाही.

पंडवानी म्हणजे पांडवांची कथा. ती छत्तीसगडी बोलीत, गाऊन, बोलून आणि अभिनय करून सांगितली जाते. व्यासांच्या महाभारतात अर्जुनाचे जे स्थान आहे, ते येथे बहुतांशी भीमाकडे जाते. खेड्यातल्या श्रोत्याला हा भूक असलेला, रागावणारा, अंगमेहनतीचा नायक जवळचा वाटतो. मुख्य गायकाच्या हाती मोरपिसांनी सजवलेला तंबुरा आणि करताल असते. हार्मोनियम, तबला, ढोलक, मंजिरी यांची साथ असते. साथीदारांतील एकाला ‘रागी’ म्हणतात. तो हुंकार भरतो, मध्येच प्रश्न विचारतो, श्रोत्यांच्या मनातली शंका बोलून दाखवतो. शाहिराच्या मागे उभे राहून ‘जी जी’ करणारे झिलकरी डोळ्यांसमोर आणले तर रागीचे काम लक्षात येईल. फक्त रागी अधिक बोलका असतो.

या कलेच्या दोन परंपरा आहेत. वेदमती परंपरेत गायक बसून गातो आणि सबलसिंह चौहान यांच्या दोहा-चौपाईतील महाभारताचा आधार घेतो. कापालिक परंपरेत गायक उभा राहतो, मंचभर फिरतो, स्मरणातून आणि कल्पनेतून प्रसंग रचत जातो. आपल्याकडे प्रवचनकार बसून निरूपण करतो आणि कीर्तनकार उभा राहून आख्यान रंगवतो, साधारण तसाच हा भेद. त्या काळी स्त्रीने गायचेच असेल तर बसून, वेदमती पद्धतीने गावे, असा दंडक होता. कापालिक शैली पुरुषांची मानली जाई. आज हा नियम किरकोळ वाटेल; परंतु उभे राहणे म्हणजे सभेच्या नजरेला नजर देणे, हात उगारणे, गर्जना करणे. गावाला खटकले ते हेच.

तीजनबाई पाच भावंडांत थोरल्या. आई सुखवती. कुटुंब पारधी समाजातले. हे नाव महाराष्ट्राला वेगळे सांगायला नको. ‘पारध’ या शब्दावरूनच ते आले आहे आणि ब्रिटिश काळातील गुन्हेगार जमाती कायद्याचा शिक्का या समाजातील अनेकांना कसा पिढ्यान्‌पिढ्या भोवला, हे आपण जवळून पाहिले आहे. अशा घरात शाळेचा संबंध आला नाही. महाभारत आले ते आईच्या वडिलांकडून. आजोबा ब्रिजलाल पारधी कथा म्हणत आणि नात ऐकता ऐकता ती पाठ करी. पुढे उमेदसिंह देशमुख यांनी तिला शिकवले. तालमीचा वारसा असा आजोळचा आहे.

बाराव्या वर्षी लग्न झाले. बाईमाणूस पंडवानी गाते, तीही उभी राहून, म्हणून समाजाने तिला वाळीत टाकले. तिने गावातच स्वतःसाठी झोपडी बांधली. भांडी आणि धान्य शेजाऱ्यांकडून उसने आणले. ज्यांच्या समाजाचा रोष पत्करायचा, त्यांच्याच दारी पातेले मागायला जायचे, अशी ती अवस्था होती. पहिल्या पतीच्या घरी ती कधी नांदायला गेली नाही. ते नाते पुढे कायद्यानेही संपले. महाराष्ट्राने सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा केला तो २०१६ मध्ये. साठच्या दशकाच्या अखेरीस गनियारीतल्या मुलीपाशी दाद मागण्यासाठी असे काहीच नव्हते.

पहिला जाहीर कार्यक्रम तेराव्या वर्षी, दुर्ग जिल्ह्यातील चंद्रखुरी गावात झाला. बिदागी १० रुपये. मग गावोगावची बोलावणी सुरू झाली. रायपूरचे हबीब तन्वीर छत्तीसगडी लोककलावंतांना घेऊन रंगभूमीवर नवे प्रयोग करत होते. त्यांनी तीजनबाईंना ऐकले आणि त्यांची वाट राजधानीकडे वळली. पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्यासमोर त्यांचे गायन झाले. श्याम बेनेगल यांच्या ‘भारत एक खोज’ या मालिकेत महाभारताची कथा त्यांच्या पंडवानीतून आली. १९८८ मध्येच दूरदर्शनवर बी. आर. चोप्रा यांचे ‘महाभारत’ही सुरू झाले होते. तिकडे मुकुट, रथ आणि सैन्य होते. इकडे एक बाई, एक तंबुरा. तोच तंबुरा खांद्यावर गेला की गदा, आडवा धरला की धनुष्य. दुःशासनवध हा त्यांचा सर्वाधिक गाजलेला प्रसंग.

तीजनबाईंची कथा बहुधा झोपडी ते पद्मविभूषण अशी सांगितली जाते. पद्मश्री ऐंशीच्या दशकात, संगीत नाटक अकादमी पुरस्कार १९९५ मध्ये, पद्मभूषण २००३ मध्ये, जपानचा फुकुओका पुरस्कार २०१८ मध्ये आणि पद्मविभूषण २०१९ मध्ये, ही यादी खरीच आहे. परंतु तिच्यात एक महत्त्वाची गोष्ट हरवते. भिलाई पोलाद कारखान्याने त्यांना नोकरी दिली. लोककलावंताची कमाई सुगीनंतरच्या काही महिन्यांची असते. पावसाळ्यात गावे शेतात गुंतली की बिदागी थांबते. त्यात साथीदारांचे वाटे. महिन्याच्या महिन्याला येणारा पगार अशा माणसाला शालीपेक्षा अधिक उपयोगी पडतो. सरकारी कारखान्याच्या हजेरीपटावर पंडवानी गायिकेचे नाव असणे ही कलेला दिलेल्या आश्रयाची साधी आणि व्यवहार्य रीत होती. महाराष्ट्रातल्या तमाशा आणि दशावतारी कलावंतांची उतारवयातली परवड पाहिली की तिचे मोल कळते.

पुढे त्यांचा संसार झाला, घरात नातवंडे खेळली. ज्या गावाने वाळीत टाकले, त्या गनियारीची ओळख आता त्यांच्या नावाने सांगितली जाते. अलीकडच्या वर्षांत वय आणि आजारपण यांमुळे मंच दुरावला.

स्त्रियांनी उभे राहून गाऊ नये, हा दंडक मात्र मोडला तो मोडलाच. कापालिक शैलीत त्यांच्यानंतर अनेक गायिका आल्या. वेदमती परंपरेत भिलाईच्याच रितू वर्मा यांनी नाव कमावले. म्हणजे बसून गाणे हा आता गायिकेच्या आवडीचा प्रश्न उरला. तीजनबाईंकडे पंडवानीचे धडे घेतलेल्या भिलाईच्या उषा बारले यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली.