पुन्हा वाचावे की आठवावे?

शिकवणीला आलेले मूल धडा दोनदा वाचते आणि म्हणते, "आलं मला." आपल्यालाही ते खरे वाटते. २००६ साली अमेरिकेत रोडिगर व कार्पिक यांनी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना उतारे दिले. काहींनी ते दोनदा वाचले. काहींनी एकदा वाचून, उतारा बाजूला ठेवून, आठवेल ते लिहून काढले. पाच मिनिटांनी पाहिले तर दोनदा वाचणाऱ्यांना ८१ टक्के मुद्दे आठवत होते, दुसऱ्यांना ७५. आठवड्यानंतर मात्र ४२ विरुद्ध ५६! आठवण्याच्या खटपटीनेच स्मृती पक्की होते. तेव्हा तासाच्या आरंभी आपण गेल्या आठवड्यातले दोन प्रश्न विचारावेत, पण गुण न देता (गुणांचे नाव काढले की मूल आधी घाबरते). उत्तर चुकले तर बरोबर उत्तर तिथेच सांगावे.