सही करण्यापूर्वी नोटिशीची अट वाचावी

विरार ते चर्चगेट हे अंतर सुमारे ६० किलोमीटर. विरार, नालासोपारा, वसई आणि नायगाव येथील हजारो नोकरदारांचा दिवस या अंतराशी बांधलेला असतो. त्यामुळे गोखिवरे, सातिवली किंवा वालीवच्या औद्योगिक पट्ट्यात, घराजवळ नोकरी चालून आली की पगाराचा आकडा पाहून तत्काळ होकार दिला जातो. नोकरी सोडताना किती दिवस आधी कळवावे, हे सांगणारी नियुक्तीपत्रातील ओळ बहुधा न वाचताच राहते. पुढे नोकरी बदलण्याची वेळ आली की नेमकी तीच आडवी येते.

उदाहरणादाखल, नालासोपाऱ्यात राहणारी एक लेखापाल अंधेरीच्या कार्यालयात नोकरीस आहे, असे समजू. तिचे मासिक वेतन ४० हजार रुपये असून त्यात मूळ वेतन २० हजार आहे. नियुक्तीपत्रात ९० दिवसांच्या नोटिशीची अट आहे. वसई पूर्वेतील कारखाना मात्र तिला ३० दिवसांत रुजू होण्यास सांगतो. उरलेल्या ६० दिवसांची भरपाई एकूण वेतनावर मोजल्यास ८० हजार रुपये होते, मूळ वेतनावर मोजल्यास ४० हजार. पत्रातील एका शब्दाने ४० हजारांचा फरक पडतो. राजीनामा देताना हा शब्द सहसा बदलून मिळत नाही. तो ठरवून घेण्याची वेळ नोकरी स्वीकारतानाच असते.

कायदा काय म्हणतो?

नव्वद दिवसांची अट कायद्यातून आली आहे, असा अनेकांचा समज असतो. वस्तुतः ती करारातून येते. मुंबई दुकाने व संस्था अधिनियम, १९४८ मध्ये कर्मचाऱ्यास कामावरून काढताना मालकाने द्यावयाच्या नोटिशीची मुदत होती. एक वर्ष वा त्याहून अधिक सेवेसाठी ३० दिवस आणि तीन महिन्यांहून अधिक, पण वर्षाहून कमी सेवेसाठी १४ दिवस. महाराष्ट्रात या अधिनियमाची जागा २०१७ च्या नव्या कायद्याने घेतली. कार्यालयीन व व्यवस्थापकीय पदांवर राजीनाम्याची मुदत आज प्रामुख्याने नियुक्तीपत्रच ठरवते.

मुदत पूर्ण न करता कोणी निघून गेल्यास न्यायालय त्यास बळाने कामावर बसवत नाही. वैयक्तिक सेवेच्या कराराची तशी अंमलबजावणी विशिष्ट अनुतोष अधिनियम, १९६३ नुसार करून घेता येत नाही. तथापि, भरपाईची मागणी होऊ शकते आणि कार्यमुक्तीपत्र अडू शकते. पुढील मालक बहुधा हेच पत्र प्रथम मागतो.

‘सही केली तरी असल्या अटी न्यायालयात टिकत नाहीत,’ या भरवशावरही राहू नये. तीन वर्षांपूर्वी नोकरी सोडल्यास दोन लाख रुपये भरण्याची विजया बँकेची अट सर्वोच्च न्यायालयाने १४ मे २०२५ रोजी वैध ठरवली. हा खटला नोटिशीचा नसून किमान सेवेच्या बंधपत्राचा होता, आणि खुल्या भरतीप्रक्रियेचा खर्च सोसणारी सार्वजनिक बँक हा त्यातील महत्त्वाचा मुद्दा होता. तरीही सहीची किंमत त्यातून स्पष्ट होते.

काही तरतुदी कर्मचाऱ्याच्या बाजूच्याही आहेत. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या. वेतन संहितेनुसार राजीनामा दिलेल्या कर्मचाऱ्याचे देय वेतन दोन कामकाजी दिवसांत चुकते करावयाचे आहे. नोटिशीपोटी कापलेल्या रकमेवर वस्तू व सेवा कर लागत नाही, असा खुलासा केंद्रीय अप्रत्यक्ष कर व सीमाशुल्क मंडळाने ३ ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकात केला आहे.

काय मागावे?

पहिली मागणी समान मुदतीची. कर्मचाऱ्याने ९० दिवस द्यावयाचे आणि कंपनीने ३० दिवसांत काढावयाचे, असा करार एकतर्फी होय. दुसरी, परिवीक्षेच्या काळात मुदत कमी असावी. १५ किंवा ३० दिवसांची मागणी गैर नव्हे. तिसरी, उरलेल्या दिवसांची रक्कम भरून मोकळे होण्याचा पर्याय कर्मचाऱ्यासही असावा आणि ती रक्कम मूळ वेतनावर मोजली जाईल, असे स्पष्ट लिहिलेले असावे. ‘कंपनीच्या मर्जीनुसार’ हे दोन शब्द असतील तर तो पर्याय प्रत्यक्षात उरत नाही. चौथी, शिल्लक अर्जित रजा मुदतीत वळती करता येईल काय, याचा उल्लेख असावा.

जुन्या कंपनीस द्यावयाची रक्कम नवी कंपनी भरणार असेल, तर तेही पत्रात यावे. वर्षभरात नोकरी सोडल्यास ही रक्कम परत करण्याची अट अनेकदा सोबत येते. ती पूर्ण महिन्यांच्या प्रमाणात घटत जावी, असे सुचवता येते.

केव्हा आणि कसे?

निवड झाल्याचे कळल्यापासून स्वीकृतीची सही होईपर्यंतचे काही दिवस हीच बोलणीची खरी वेळ. मुलाखतीत हा विषय काढणे घाईचे ठरते आणि रुजू झाल्यावर उशीर झालेला असतो. सर्व मागण्या एकदम न मांडता दोन महत्त्वाच्या निवडाव्यात आणि ईमेलने नम्रपणे कळवाव्यात. ‘प्रस्तावाबद्दल आभारी आहे. नोटिशीची मुदत दोन्ही बाजूंस ४५ दिवस ठेवता आल्यास स्वीकृती लगेच कळवीन,’ एवढे पुरेसे असते. मनुष्यबळ विभागाने दूरध्वनीवर ‘पाहून घेऊ’ म्हटले तर त्यावर विसंबू नये. सुधारित पत्र मागावे.

रुजू होण्याची तारीख देतानाही सावध असावे. सध्याच्या पत्रातील मुदत मोजून, आठवडाभराची सवड राखूनच तारीख सांगावी. नव्या नोकरीचे सहीचे पत्र हाती पडल्याशिवाय जुन्या ठिकाणी राजीनामा देऊ नये. छोट्या कारखान्यांत तोंडी शब्दावर काम सुरू होते. तेथेही नियुक्तीपत्र मागावे. कामगार संहितांनी ते देण्याची जबाबदारी मालकावर टाकली आहे.

कंपनीने नकार दिला तरी विचारणे वाया जात नाही. वरील उदाहरणातील लेखापालास वसईच्या कारखान्यानेही ९० दिवसांचीच अट घातली, तर त्याची किंमत तिला सही करण्यापूर्वीच कळलेली असेल. रोजच्या लोकल प्रवासातून सुटका त्या किमतीला परवडते काय, हे मग तिला शांतपणे ठरवता येईल.